पाय घेऊन ये

मामीचा फोन दरवर्षी जानेवारीत येतो. संक्रांत झालेली असते, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून फिरत असतात आणि सोलापूरची ती चार दिवसांची थंडी नळाच्या पाण्यात उतरलेली असते. मामीला फोनवर नमस्कार-चमत्कार जमत नाहीत. "हुरडा आलाय. येतीस का पाखरांला घालू?" एवढं बोलून तिचं संपतं. यंदा तिनं आणखी एक वाक्य जोडलं. "आन् येताना तुजा पाय घिऊन ये. ह्यांची कंबर धरलीय."

सकाळचे सहा वाजले होते. मामीच्या लेखी सहा म्हणजे दिवस वर येऊन गेलेला. मी अजून पांघरुणातच होते. आधी हसू आलं, मग मामाची कंबर डोळ्यांपुढं आली. माझं हे असंच आहे, हसण्याच्या मागोमाग काळजी हजर. उठून पलंगाच्या कडेला बसले आणि रोजच्यासारखा डावा पाय हळूच फरशीवर टेकवला. डावी नडगी मुकाट होती. गेली बारा वर्षं ती मुकाटच आहे. तरी रोज सकाळी पहिलं पाऊल टाकण्याआधी मी तिला विचारतेच, बाई, आज काय विचार आहे?

पाय घेऊन येण्याचं सांगायला हवं. मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना पोरांचं डोकं आधी येतं, माझे पाय आधी आले. आईचे हाल झाले, पण माझी किंमत वाढली. आमच्याकडं समजूत अशी, की पायाळू माणसानं कंबरेला पाय लावला की उसण उतरते. वाकताना कंबरेत भरते ती उसण. त्यामुळं मला कळायला लागल्यापासून आमच्या गल्लीतली थोरामोठी माणसं सकाळी अनाशेपोटी दारात येऊन पालथी पडायची आणि मी परकर सावरून त्यांच्या कंबरेला उजवा पाय तीनदा लावायची. एरवी कुणाला चुकून पाय लागला तर चटकन पाया पडायला लावणारी आई, अशा वेळी मात्र मागून म्हणायची, "नीट टेकव गं, नुसता फिरवू नकोस." असं तीन सकाळी करायचं. बरं वाटलेली माणसं गुळाचा खडा घेऊन यायची. न वाटलेली परत यायची नाहीत, म्हणून माझं नाव कायम राहिलं.

पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. आभाळ भरून आलं की मला घरात ओढून दार लावून घ्यायचे. बाकीची पोरं अंगणात, मी दाराच्या फटीशी. मी जन्माची काळजीखोर झाले ती बहुतेक त्या फटीशी उभी राहून. आणि पायाळूला म्हणे जमिनीतलं पाणी कळतं. मोहोळजवळच्या मामाच्या रानात विहीर पाडायची ठरली तेव्हा चार वर्षांच्या मला अनवाणी रानभर फिरवलं होतं. मी एका जागी उभी राहून रडायला लागले. तिथं खणलं. पाणी लागलं. मला विचाराल तर तिथं मला काटा टोचला असणार. पण मामा आजही पाहुण्यांना विहीर दाखवतो ती "आमच्या विजीच्या पायाची" म्हणून.

असल्या पायांची मुलगी पुढं पळायला लागली. पाच हजार मीटर, दहा हजार मीटर. वेगाची माझ्यात कमतरताच होती, पण मला थांबता येत नसे, आणि लांब पळायला तेवढं पुरतं. बारा वर्षांपूर्वी मी शारीरिक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होते. विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघात जायची माझी ती शेवटची संधी, पुढच्या वर्षी वयात बसत नव्हते. मागच्या दोन्ही वर्षी सातवी आले होते. संघात सहाच जणी घेतात. दोन वर्षं सहावीची पाठ माझ्या डोळ्यांपुढं होती. तिच्या वेणीला लावलेलं लाल रबर अजून आठवतं.

दिवाळीनंतर डावी नडगी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग जिना उतरताना. एका ठिकाणी बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी. मैदानावर आमचे सर म्हणाले, "लंगडतेस का?" मी म्हटलं, "लचक आहे सर, नुसती." सर हसले. "तुला काय होतंय? पायाळूचा पाय." मीही हसले. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं. परीक्षेत पायाच्या हाडांची आकृती डोळे मिटून काढणारी मी. कोणत्या दुखण्यावर पळू नये याचा तास मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेला. पण आत कुठेतरी बसलं होतं, की गावाची दुखणी उतरवणारा पाय आपल्याला दगा देणार नाही. गंमत म्हणजे लोकांना लावायचा पाय उजवा, दुखत होता तो डावा. समजुतीला डावं-उजवं कुठं कळतं. महिनाभर मी त्या दुखण्यावर पळत राहिले.

डॉक्टरांनी शेवटी फोटो उजेडापुढं धरला. हाडाला केसाएवढी चीर होती. "अजून आठ दिवस पळाली असतीस तर मोडलं असतं," ते म्हणाले. सहा आठवडे पळणं बंद. चालायचं, पण बेतानं. हवं तर खोल पाण्यात, तळाला पाय न लावता पळायचं, म्हणजे दम टिकतो आणि हाडावर भार येत नाही. सहा आठवड्यांनी एका डाव्या पायावर उभं राहून दहा उड्या मारायच्या. कळ आली नाही तर पळायला मोकळी. मी बोटं मोजली. निवड चाचणी आठ आठवड्यांवर होती.

शहरातला पोहण्याचा तलाव तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता. मामाला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, तो मोटरसायकल घेऊन दारात. "पाणी पायजे न्हवं? तुज्याच पायाची हीर हाय की. चल."

त्या हिवाळ्याची आठवण मला पायापेक्षा नाकात जास्त आहे. विहिरीच्या पायऱ्यांवरचा ओला शेवाळी वास. वर रानात ज्वारी दाण्यावर आलेली, तिचा दुधट गोडसर वास. पलीकडच्या बांधावर मामीनं पेटवलेल्या आगटीचा गोवऱ्यांचा धूर. मी पायऱ्या उतरायला लागले की भिंतीतल्या बिळांतले पारवे फडफडत वर निघून जायचे आणि त्यांच्या पंखांचा आवाज विहिरीत नुसता घुमत राहायचा. थंडीच्या सकाळी विहिरीचं पाणी कोमट असतं, त्यावर वाफ तरंगत असते. पाण्यात उतरलं की ऊब, बाहेर डोकं काढलं की गारठा. मानेपासून वर हिवाळा आणि खाली उन्हाळा, अशी मी रोज तास-दीड तास असायची.

मामानं माझ्या पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे बांधले, लहान पोरांना पोहायला शिकवताना बांधतात तसे. पण पळायला लागले की मी पुढं सरकायची आणि समोरच्या दगडांवर जाऊन आपटायची. म्हणून कंबरेला एक कासरा आला. त्याचं दुसरं टोक मी म्हटलं पायरीजवळच्या उंबराला बांधू. मामा म्हणाला, "झाडाला काय कळतंय, तू पळायलीस का बुडायलीस." त्यानं ते टोक आपल्या कंबरेला बांधलं, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसला आणि दोन्ही टाचा दगडाला रोवल्या. मी पुढं ओढायची, तो मागं. त्यामुळं मी पाण्याच्या मधोमध जागच्या जागी पळत राहायची. घड्याळ नव्हतं. ऊन विहिरीच्या भिंतीवरून एकेक दगड खाली यायचं. सातव्या दगडावर आलं की बाहेर.

आता वाटतं, त्या पाण्यात मी पळत होते ती निम्मी भीतीच होती. पाय वर-खाली होत आणि डोकं हिशेब मांडत असे. चीर सांधत असेल का? काल पायरी उतरताना टोचलं ते काय होतं? टोचलं की मुंग्या आल्या? बाकीच्या पोरी आत्ता मैदानावर असतील, त्या लाल रबरवालीचा दम केवढा वाढला असेल? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हटलं असावं. दिवसातून चाळीस वेळा मी नडगीवर अंगठा दाबून बघायची. मामी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आगं, खपली सारकी उकरल्यावं बरं व्हईल का? हात लावू नगंस तिला." तेव्हापासून मी तिच्यामागं जाऊन दाबायची.

आणि एक गोष्ट मला तिथंच कळली. दुखत असतं तोवर माणसाला भीतीला वेळ नसतो. दुखायचं थांबलं की ती निवांत येऊन बसते. पाचव्या आठवड्यात नडगी दुखायची थांबली, आणि माझी झोप उडाली. आता ती कधी दुखेल याचीच वाट. सहा आठवडे संपले. दहा उड्यांचा दिवस आला. मी सकाळी मामाच्या रानातल्या घरापुढच्या अंगणात गेले, उजवा पाय उचलायला गेले आणि माझी पाचावर धारण बसली. उचललाच नाही. मामाला म्हटलं, "अजून दोन दिवस विहिरीतच पळते. पक्कं होऊ दे." तो म्हणाला, "व्हय की. पळ की." दोन दिवसांचे चार झाले. चारांचे सहा. उडी मारली नाही तोवर पाय बरा झालाय असं धरून चालता येत होतं. मारली असती तर कळलं असतं, आणि मला कळायचंच नव्हतं.

त्या सहाव्या दिवशी पाण्यात असताना दोरी सारखी सैल पडत होती. मी दोनदा दगडावर आपटले. कोपर खरचटलं. मी चिडले. चाचणी आठवड्यावर आली होती, आणि चिडायला माणूस लागतोच.

"मामा, दोरी ढिली पडायलीय. जरा नीट धर की."

"धरतो, धरतो. थंडीनं हात आखडल्यात."

दोरी हातात नव्हतीच, कंबरेला होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बाहेर आले, मामी आगटीपाशी बसली होती. हुरड्याची कणसं भाजून ती गरम गरम तळहातावर चोळत होती, फुंकर मारून कोंडा उडवत होती, हिरवे दाणे पितळीत पडत होते. शेजारी शेंगाचटणीची वाटी, गूळ. मी ओले केस पुसत बसले आणि तक्रार सुरू केली, की मामाचं आज लक्ष नव्हतं. मामीचा हात थांबला.

"लक्ष कसं आसंल? कंबर धरलीय त्यांची. म्हैना होत आला. रात पडली की या कुशीवरनं त्या कुशीवर हुता येत न्हाय."

"मग बोलला का नाही?"

"काल सांजच्याला कुटं गेलता म्हाइताय? पल्याडच्या गावाला. तितं एक पायाळू म्हातारा हाय, त्येच्याकडनं पाय लावून आला."

मला आधी रागच आला. खरंच आला. म्हटलं, "घरात पायाळू असताना बाहेर गेला? मला म्हणायचं नाही?"

मामी माझ्याकडं बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. मग पितळी माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "म्हणनार काय? उजवा पाय ह्यांच्या कंबरंला लावलास, तर तू हुबी कुटल्या पायावं ऱ्हानार?"

घास तसाच राहिला. रानात कुणीतरी गोफण फिरवली, दगड सुं करत गेला, पाखरांचा थवा उठला आणि जमिनीचे दोन तुकडे सोडून परत बसला. महिनाभर मी माझ्या हाडातल्या एका केसावर डोळे लावून बसले होते. मी ओढत होते ती एका माणसाची कंबर होती. आणि त्यातले शेवटचे सहा दिवस तर निव्वळ माझ्या भित्रेपणाचे. मला माझी शरम वाटली. अशी शरम, की भूक मरते.

मामा विहिरीकडून येत होता, एका अंगाला कलून, एक हात मांडीवर. माझं लक्ष गेलेलं बघून तो सरळ झाला. तेही त्याला नीट जमलं नाही.

"मामा, अंगणात घोंगडी टाकते. पालथा पड."

त्यानं मामीकडं पाहिलं. मामी आगटीत काटकी घालायला लागली.

"काय न्हाय झालं मला. हिचं काय आयकतीस. तुजी चाचनी होऊ दे, मग लाव."

"पालथा पड म्हटलं ना."

तो पडला. ऊन आलेलं होतं, अंगण शेणानं सारवलेलं, पायाखाली गार लागत होतं. मी त्याच्या बाजूला उभी राहिले. उजवा पाय उचलायचा, एवढंच काम. लहानपणापासून शेकड्यांनी केलेलं. तरी कान डाव्या नडगीशी लागले होते. आता कळ येणार, आता कट्‌ होणार. मी उजवा पाय उचलला. सगळं अंग, सगळी भीती, एका डाव्या पायावर आली.

पाऊल त्याच्या कंबरेला टेकवलं. त्याच्या सदऱ्याखाली काहीतरी जाड लागलं. कासऱ्याचा वळ. आडवा, बोटभर रुंद, फुगलेला. पायाच्या तळव्याला तो नीट कळला.

"भार टाकू नगंस," घोंगडीत तोंड ठेवून मामा म्हणाला. "नुसता लाव. पायाला लागंल तुज्या."

एकदा लावला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावला आणि काढून घेतला, पण खाली टेकवला नाही. तशीच उभी राहिले. डावा पाय दुखत नव्हता.

"दुखलं का?" मामानं विचारलं.

हा प्रश्न मी विचारायचा होता. महिनाभरात एकदाही विचारला नव्हता.

मग मी तिथंच, त्या अंगणात, दहा उड्या मारल्या. रडत मारल्या, त्यामुळं मोजण्यात गडबड झाली. मामी म्हणाली बारा झाल्या. मामा पालथाच होता. त्यानं जमिनीला कान लावून ऐकल्या असतील. पुढच्या दोन सकाळीही मी पाय लावला. उसण उतरली की नाही, देव जाणे. तो म्हणाला उतरली. तो म्हणणारच.

चाचणीत मी सहावी आले. दहा किलोमीटर, त्यातले निम्मे ढेकळांच्या रानातून. प्रत्येक पावलाला वाट बघत पळाले, की आता कळ येईल. ती शेवटपर्यंत आली नाही. शेवटच्या वळणावर मी मागं वळून पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा सातवी माझ्या मागं होती. ते लाल रबर पुढंच होतं, पाचव्या जागेवर. संघात गेले, बाहेरगावी पळून आले, पदक-बिदक काही मिळालं नाही. पुढं शाळेत नोकरी लागली. आता मुलींना पळायला शिकवते. कुणी म्हणालं, "मॅडम, लचक आहे, नुसती," की मी तिला बाकावर बसवते आणि बोटानं नडगी दाबून बघते. पोरी मला घाबरट म्हणतात. मागून म्हणतात, पण मला ऐकू येतं.

परवा शनिवारी दुपारची एसटी धरली. गाडीत खिडकीशी बसून मी बारा वर्षांतले फोन आठवत होते. दर फोनवर मामी बोलून झाली की मामा ओढून घेतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "पाय कसा हाय?" मी सगळं सांगते. थंडीत जरा आखडतो, परवा जिन्यावर जपून उतरले, नवे बूट घेतलेत. तो व्हय व्हय करत ऐकतो. मग त्याला रानात जायचं असतं. मी माझा पाय बरा झाला असं समजते. दुखणं बरं होतं, त्याच्याकडं सारखं बघायची सवय बरी व्हायला वेळ लागतो. मला अजून तेवढा वेळ मिळालेला नाही. यंदा मनाशी घोकत चालले होते. उतरल्या उतरल्या आधी आपण विचारायचं. कंबर कशी आहे? तीन शब्द आहेत, अवघड नाहीत. तरी वाटत होतं, जणू पुन्हा चाचणीच आहे. सत्तरीला आलाय मामा. या वयातली कंबर पाय लावून सुटते का? मी शिकलेली बाई, मला माहीत आहे काय ते. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. पण आधी तीन सकाळी पाय लावणार, मग सोलापूरला नेणार.

फाट्यावर गाडी थांबली. पायरीवर उभी राहून मी पाहिलं. असल्या कंबरेनं तो स्वतः आला होता, एका अंगाला कललेला, हातात काठी, बाजूच्या रानातल्या ज्वारीच्या सावलीत उभा. मी तोंड उघडलं. पण एसटीची शेवटची पायरी उंच असते, आणि मी डावा पाय खाली टाकला होता.

मामाचे डोळे आधी माझ्या पायाकडं गेले. "हळू," तो म्हणाला.